दफनभूमीतला नळ

मेलेल्या नवऱ्याचा सोलांजला जेवढा राग यायचा तेवढा तो जिवंत असतानाही कधी आला नव्हता.

ल्युसियाँ पडला होता तो नेमका दफनभूमीतल्या नळाशेजारी. जागा त्यानेच जिवंतपणी निवडून ठेवली होती, भिंतीच्या सावलीत, कोपऱ्यात. "फुलांना पाणी घालायला तुला लांब जायला नको," असं म्हणाला होता, तेव्हा तिला बरंही वाटलं होतं. आता त्या नळावर सकाळपासून सायकलवाल्यांची जत्रा भरायची. पोपटी, नारिंगी, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतली ही मंडळी बाटल्या भरायची, टोपी भिजवून डोक्यावर घालायची आणि मग सावली बघून ल्युसियाँच्या शिळेवर बसून केळी खायची. व्होद्रेल नावाचं गाव खाली आहे हे ज्यांच्या गावी नव्हतं त्यांना ल्युसियाँचं जन्मसाल पाठ झालं होतं.

याला कारण खडीची वाट. पूर्वी दफनभूमीच्या भिंतीमागून आगगाडी जायची. रूळ कधीच उखडले होते. तीन वर्षांपूर्वी त्या बांधावर पांढरी बारीक खडी पसरली, दोन्ही टोकांना मधोमध लाकडी खुंट रोवले आणि पाटी लावली की इथून पुढे एकही मोटार जाणार नाही. तेव्हापासून पॅरिसपासून हॉलंडपर्यंतचे लोक जाड टायरच्या सायकली घेऊन यायला लागले. आणि या देशात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. दुकानं बंद असतील, चर्चला कुलूप असेल, पण दफनभूमीत नळ असतोच, आणि त्याचं पाणी गार असतं. त्यामुळे ही माणसं प्रत्येक गावातल्या मेलेल्यांना भेटायची आणि जिवंतांना न भेटता पुढे जायची.

सोलांजचा कॅफे खाली चौकात होता, जुन्या धुण्याच्या हौदासमोर. वरून तिथवर यायला तीव्र उतार होता. एके काळी तिच्या कॅफेत संध्याकाळी उभं राहायला जागा नसायची. मग गिऱ्हाईक एकेक करून वर गेलं, शिळेखाली. नवं गिऱ्हाईक आलं तेही वरच थांबलं, शिळेवर. धंद्यात असा प्रतिस्पर्धी वैऱ्यालाही मिळू नये.

जूनच्या एका सकाळी मेयर झिल्बेर रुमियाक आला. तांबड्या गाईंचा मोठा कळप बाळगणारा, साठीचा, लहानपणी सोलांजने ज्याचं नाक पुसलं होतं असा माणूस. त्याने उभ्याउभ्या कॉफी घेतली आणि घसा साफ केला.

"सोलांज, बस जरा."

"मला बसायला सांगतात तेव्हा कुणीतरी मेलेलं असतं. कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. ऑक्टोबरात पंचायत बसेल. हे घर पंचायतीचं आहे, तुला माहीत आहेच. काही जणांची सूचना आहे की इथे सायकलवाल्यांसाठी खोल्या कराव्यात. रात्री मुक्कामाला."

"काही जण म्हणजे तू."

"काही जण," झिल्बेर म्हणाला आणि कपात बघत राहिला.

"आणि मी? माझी खाट वरच्या मजल्यावर आहे. ती पण भाड्याने देणार का, माझ्यासकट?"

"शहरात म्हाताऱ्यांसाठी छान घरं बांधलीत गं. लिफ्ट आहे."

"लिफ्टने मी कुठे जाऊ?"

"वर," कोपऱ्यातून आंसेल्म म्हणाला. तो निवृत्त गवंडी, रोजच्या गिऱ्हाइकांतला शेवटचा उरलेला. "जायचं तर सगळ्यांनाच आहे. तुझी चढणीची दगदग वाचवतोय तो, आणि तू त्याच्यावरच डाफरतेस."

झिल्बेरने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "अजून ठरलेलं नाही काही. गुरुवारी जिल्ह्याची समिती येतेय सायकलवरून. वाटेवरचा विसावा कुठे बांधायचा ते बघायला. बाकं, सायकल अडकवायचे गज, हवेचा पंप, सगळं येणार. तो विसावा त्यांनी इथे चौकात केला, माणसं खाली यायला लागली, तर कॅफे राहील. मी स्वतः तुझ्या बाजूने हात वर करीन."

"आणि वरच केला तर?"

"तर मग तूच सांग, इथे येणार कोण?"

"मी येतो की," आंसेल्म म्हणाला.

"तू येतोस, पण उठत नाहीस," सोलांज म्हणाली. "एका ग्लासवर सूर्य मावळवतोस."

त्याच दुपारी ती जिरेनियमना पाणी घालायला वर गेली. ल्युसियाँच्या अंगावर एक तरुण बसला होता आणि चीजचा पाव खात होता. तिला झारी घेऊन उभी बघून तो गडबडला.

"माफ करा, मादाम. तुमचे कुणी आहेत का हे?"

"नवरा."

तो ताडकन उठला.

"बस, बस. अंगावर कुणी बसलेलं त्याला आवडायचंच. फक्त ते मी नसायचे." तिने झारी नळाखाली धरली. "खाली गावात कॅफे आहे. बसायला खुर्च्या आहेत. पाठ असलेल्या."

"नकाशात पाहिला. पण उतरलं की परत चढावं लागतं. आणि पाणी तर इथेच आहे."

"आणि पाणी नसतं तर?"

"मग काय, उतरावंच लागलं असतं," तो बिचारा सरळ मनाने म्हणाला, पावाचा चुरा शिळेवरून झटकला आणि निघून गेला.

सोलांज बराच वेळ नळाकडे बघत उभी राहिली. झारी भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही.

नळ तोडायचा तिचा विचार नव्हता. ती काही गुंड नव्हती. पण तिच्या कॅफेसमोरच्या हौदावर एक निळी-पांढरी मिन्याची पाटी होती: हे पाणी पिण्यायोग्य नाही. हौदात ओढ्याचं पाणी यायचं, आणि ओढ्यात वरच्या अंगाला झिल्बेरच्या गाई दिवसभर उभ्या असायच्या, नुसत्याच उभ्या नसायच्या. ही गोष्ट गावातल्या मांजरालाही माहीत होती. ती पाटी सोलांजच्या लग्नाआधीपासून तिथे होती आणि कुणी ती वाचल्याचं तिला आठवत नव्हतं. वाचायची गरजच काय? ज्या पाटीने आजवर कुणाला काही सांगितलं नाही ती जागची हलली तर कुणाचं काय अडणार, असा तिचा सरळ हिशेब होता.

बुधवारी दुपारच्या जेवणाच्या वेळी तिने काम उरकलं. त्या वेळेला व्होद्रेलमध्ये दरोडा पडला तरी साक्षीदार मिळणार नाही. सगळं गाव ताटावर बसलेलं असतं. तिने पेचकसाने पाटी सोडवली, टोपलीत जिरेनियमच्या रोपांखाली ठेवली, चढ चढून वर गेली आणि नळाच्या वर घट्ट बसवली. मग ल्युसियाँकडे बघून म्हणाली, "बंद झालं तुझं दुकान."

गुरुवारी ऊन असं पडलं होतं की चौकातल्या दगडांवर पाय ठरेना. सोलांजने पहाटे उठून बटाट्याचा पाते केला होता, पिठाच्या पारीत बटाटे, साय आणि लसूण भरून भाजलेला, बैलगाडीच्या चाकाएवढा. बाहेर टेबलं मांडली, त्यांवर चौकडीची कापडं घातली. आंसेल्मला स्वच्छ सदरा घालून यायला सांगितलं होतं. तो निदान सदरा घालून आला होता.

अकराच्या सुमाराला उतारावरून ब्रेकांचा चीत्कार ऐकू आला आणि समिती खाली उतरली. पुढे एक उंच, हडकुळी, पिकल्या केसांची बाई, मादाम व्हासर, आणि मागे तिची फौज. सगळे घामाने निथळत होते.

"आले," सोलांज पुटपुटली आणि तिने केस सारखे केले.

ते आले. त्यांनी सायकली हौदाच्या कठड्याला टेकवल्या. बाटल्या काढल्या. बुडबुड आवाज करत भरल्या, घटाघटा प्यायले, परत भरल्या. एकाने तोंडच बुडवलं. मादाम व्हासरने कॅफेकडे बघून गोड हसून हात हलवला. "सुंदर गाव आहे, मादाम. आमचं जेवण पुढच्या गावात ठरलंय. चारपर्यंत याच वाटेने परतू." आणि ते दातओठ खात चढ चढून गेलेसुद्धा.

सोलांज हातात सुरी घेऊन पातेसमोर उभी होती. "बघितलंस? खाली उतरले. एवढं उतरले. आणि माझ्या दारासमोर पाणी पिऊन गेले. गाढवं मेली."

"पाणी प्यायले खरे," आंसेल्म सावकाश म्हणाला. "हौदाचं."

"मग काय तर. अक्कल आहे का? धडधडीत पाटी लिहिलीय समोर..."

ती थांबली. आंसेल्म हौदावरच्या भिंतीकडे बघत होता. तिथे एक स्वच्छ चौकोन उमटला होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार भोकं.

"पाटी कुठे गेली गं?" त्याने विचारलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ग्लास खाली ठेवला. "अगं बाई."

"गप्प बस."

"मी कुठे काय बोललो?"

"बोलूही नकोस."

जेवणाची वेळ झाली, पण त्या दिवशी सोलांज जेवली नाही. ती भांडी घासत होती, घासलेली परत घासत होती. पाटीचं कळलं तर ऑक्टोबरची वाटच बघायला नको. झिल्बेर उद्याच तिची खाट खाली आणेल. न कळलं तर? सायकलवाले दणकट असतात. दिवसभर माती खातात, माश्या गिळतात. कदाचित काहीच होणार नाही.

"तुझ्या वेळी त्या हौदात पडून कुणी प्यायलं होतं का?" तिने विचारलं.

"माझा भाऊ. लहानपणी."

"काय झालं त्याला?"

"जगला," आंसेल्म म्हणाला. "पण आठवडाभर आमच्या घरात बाकी कुणाला संडास मिळाला नाही."

सोलांजने फडकं आपटलं. "तुझ्या गाडीची किल्ली दे."

आंसेल्मचा मोटारीचा परवाना पोलिसांनी काढून घेतला होता, आणि त्याला कारण सोलांजचीच तांबडी वाइन. तेव्हापासून तो परवाना न लागणारी दोन माणसांची गाडी चालवायचा, काडेपेटीला चाकं लावावीत तशी. ती चढावर बैलासारखी धापा टाकायची. सोलांजने तिच्यात बसून चढ चढला, आणि जिथे एकही मोटार जाणार नाही असं लिहिलं होतं तिथे ती गेली. मधला खुंट आणि काटेरी झुडपं यांच्यामधून गाडी जेमतेम निघाली. डाव्या बाजूचा आरसा खुंटापाशी राहिला.

पांढऱ्या खडीवर धुरळा उडवत ती बरीच लांब गेली. जंगलाच्या वळणावर समिती समोरून येताना दिसली. तिला बघून मादाम व्हासरने सायकल आडवी घातली आणि वाघासारखी उभी राहिली.

"मादाम, ही वाट वाहनांसाठी बंद आहे."

"माहीत आहे. ते पाणी ओतून टाका. हौदाचं. ते प्यायचं पाणी नाही."

"हे बघा, विरोध करायचा तर लेखी करा. प्रत्येक गावात कुणीतरी असतंच. गेल्या महिन्यात एकाने शेण टाकलं होतं वाटेवर. पण मोटार घेऊन येणं म्हणजे हद्द झाली. ही वाट सरकारने..."

तिच्या मागचा एक लठ्ठ गृहस्थ सायकलवरून उतरला. त्याचा रंग मेणबत्तीसारखा झाला होता. "क्लोतिल्द," तो मादाम व्हासरला म्हणाला, "बाईंचं म्हणणं मला पटतंय."

आता गोष्ट अशी, की आगगाडीचा बांध उंच असतो. दोन्ही बाजूंना खाली उतरायला जागा नसते, असते ती घनदाट काटेरी जाळी आणि तिच्या बुडाशी खाजखुजलीची झुडपं. शिवाय या मंडळींच्या घट्ट चड्डीला खांद्यावरून जाणारे पट्टे असतात. ती खाली करायची तर आधी वरचा सदरा काढावा लागतो, त्याची चेन छातीपाशी अडकते, आणि पोट काही त्यासाठी थांबत नाही. लठ्ठ गृहस्थ सदऱ्यात डोकं अडकलेल्या स्थितीत जाळीकडे धावला. आतून जी किंकाळी आली ती काट्यांची होती की पोटाची हे कुणी विचारलं नाही.

"दुसरा कोण?" सोलांजने गाडीचं दार उघडून विचारलं. "एका वेळी एक. गावात बाहेरच्यांसाठी संडास माझ्याकडेच आहे."

मादाम व्हासरने वाहनबंदीबद्दल आणखी एक वाक्य सुरू केलं, ते अर्ध्यात सोडलं आणि गाडीत येऊन बसली. सायकल वाटेवर तशीच पडली.

दुपारभर ती काडेपेटी खडीवरून येरझारा घालत होती. पुढच्या खेपांना आंसेल्म बसला, कारण सोलांज घरी हवी होती. तिचा संडास मागच्या अंगणात होता, जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. सकाळपासून सायकल मारून मांड्यांची लाकडं झालेल्या माणसांना त्यात बसवत होतं पण उठवत नव्हतं. सोलांज दाराबाहेर उभी राहून आतल्याला हात द्यायची. "पाय आधी उजवा. भिंतीला धर. लाजू नकोस, चाळीस वर्षं कॅफे चालवलाय, याहून वाईट बघितलंय." तिने तांदळाची पेज चढवली. ल्युसियाँच्या जुन्या विजारी, स्वतःचे झगे, खिडक्यांचे पडदे, जे हाताला लागलं ते दिलं. संध्याकाळपर्यंत कॅफेतल्या सगळ्या खुर्च्या आणि बाकं भरली. कित्येक वर्षांत एवढं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं, आणि एकालाही काही गिळवत नव्हतं.

पाचला झिल्बेर आला. समितीच्या स्वागतासाठी त्याने मेयरचा तिरंगी पट्टा छातीवर आडवा घातला होता. दारातच तो थबकला. समितीची अध्यक्षा मादाम व्हासर ल्युसियाँच्या मखमली विजारीत बसून बशीतून पेज पीत होती.

"हौदाचं पाणी प्यायले," आंसेल्मने थोडक्यात सांगितलं.

"हौदाचं? पण तिथे पाटी आहे."

"तिथे नव्हती," मादाम व्हासर म्हणाली. "वरच्या नळावर होती. म्हणून तर आम्ही खाली उतरलो."

"वर? वरचं पाणी तर उत्तम आहे. गावभर तेच येतं."

अंगणातून कुणीतरी कण्हलं.

"पोरांचा चावटपणा असेल," आंसेल्म म्हणाला.

"गावात पोर आहे कुठे?" झिल्बेरने विचारलं.

आंसेल्मने विचार केला. "मग बाहेरची पोरं असतील."

सोलांजने पळी भांड्यात ठेवली. "मी हलवली," ती म्हणाली. "काल दुपारी. वर पाणी नाही म्हटलं की तुम्ही खाली याल, बसाल, काही घ्याल, म्हणून. हौदाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते पाणी पितं कोण? सकाळी मला कळलं तेव्हाच निघायला हवं होतं, तर मी भांडी घासत बसले. झालं सांगून. आता काय करायचं ते करा."

झिल्बेरचा चेहरा पट्ट्यातल्या तांबड्या रंगाचा झाला. "तुला कळतंय का तू काय केलंस? जिल्ह्याच्या लोकांना... सोलांज, आता मी तरी काय करणार? ऑक्टोबरात मी कुठल्या तोंडाने..."

"एक मिनिट," मादाम व्हासर म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण अध्यक्षपण अजून शिल्लक होतं. "इथे तुम्ही मुक्कामाच्या खोल्या करणार असं पत्रात होतं तुमच्या. दिवसा कोण असणार इथे?"

"कुणी असायची गरजच नाही, मादाम," झिल्बेर उत्साहाने म्हणाला. "सगळं आधुनिक. दाराला आकड्यांचं कुलूप. आधी पैसे भरले की फोनवर आकडे येतात."

"आणि पैसे न भरता, फोन वाटेवर टाकून, आजच्यासारखं कुणी आलं तर?"

अंगणातून परत कण्हणं आलं, या वेळी जरा लांबलेलं.

"तुमचं पाटीचं प्रकरण मी अहवालात लिहिणार," ती सोलांजकडे वळून म्हणाली. "मोटार आणली तेही."

"लिहा. आधी ती पेज संपवा."

"आणि विसावा इथे चौकात. वर काट्यांशिवाय काही नाही, ते आज आम्ही पुरेसं तपासून पाहिलंय." तिने बशी ओठाला लावली. "तो चालवायला इथे माणूस असेल तरच. कुलूप नको."

"पण कुलूप तर आलंसुद्धा," झिल्बेर म्हणाला. "चांगलं जर्मन आहे, माझ्या गोठ्यात खोक्यात..."

सोलांज त्याच्याकडे वळली.

"आलंसुद्धा?"

"म्हणजे, नुसतं बघायला मागवलं होतं."

"जूनमध्ये. ऑक्टोबरातल्या पंचायतीसाठी."

"आता यात काय लपवायचं," आंसेल्म म्हणाला. "तिने पाटी हलवली, तू पंचायत हलवलीस. फिट्टंफाट."

कुणी हसलं नाही, कारण हसायला पोटाचा भरवसा लागतो. झिल्बेरने मान खाली घातली आणि पट्ट्याच्या टोकाशी चाळा करत राहिला. लहानपणी शेंबूड बाहीला पुसताना सापडायचा तेव्हा तो असाच उभा राहायचा.

"परत करता येतं ते," तो शेवटी म्हणाला. "खोकं अजून फोडलेलं नाही."

"उद्या सकाळी परत जाऊ दे."

"उद्या सकाळी."

मागून कुणीतरी सोलांजला हाक मारली. आत बसलेल्याला उठवायची वेळ झाली होती. तिने पदरासारखा कमरेला खोचलेला टॉवेल सोडला आणि पळी झिल्बेरपुढे धरली.

"खाली लागू देऊ नकोस. मीठ घालायचं राहिलंय."

झिल्बेरने पट्टा डोक्यावरून काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पळी घेतली. "किती घालू?"

"चाखून बघ," अंगणाकडे जाता जाता सोलांज म्हणाली. "घाबरू नकोस, नळाचं पाणी आहे."